मंत्र्यांचे शेअर : एका आचारसंहितेचें परीक्षण

कादंबरी, काव्य आणि नाटक यांचीं परीक्षणें मासिकांतून नेहमीं येतात. ज्या लेखांवर आपलें राज्य चालतें त्यांचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. ते लेख रुक्ष असतात, त्यांवर कर्त्याचें नांव नसतें, आणि ते वाचल्याबद्दल कोणी शाबासकीहि देत नाहीं. तथापि निव्वळ भाषा आणि रचना म्हणून त्यांकडे पाहिलें असतां असें आढळून येतें कीं, एखाद्या कादंबरीप्रमाणें त्यांतहि एखादेंच वाक्य असें असतें, कीं ज्यावर सगळा डोलारा उभा असतो किंवा ज्यापाशीं तो ढासळतो. केंद्र सरकारच्या गृहखात्यानें १९६४ सालीं मंत्र्यांसाठीं जी आचारसंहिता सिद्ध केली, ती या जातीच्या लेखांपैकीं आहे. केंद्रांतील व राज्यांतील अशा दोन्ही मंत्र्यांना ती उद्देशून आहे, आणि एका बैठकींत वाचून व्हावी इतकीच ती लहान आहे. राजकारणी पुरुषांनीं कंपन्यांचे शेअर बाळगावे कीं नाहीं, या प्रश्नाचा अलीकडे देशोदेशीं खल चालू असतो. आपल्या देशानें त्याचें जें उत्तर देऊन ठेविलें आहे, तें या संहितेंतील एका वाक्यांत आहे. आणि बहुतेक सुशिक्षित वाचकांनीं तें वाक्य कधीं पाहिलेलेंच नसतें.

शेअरबाजार मुंबईचा आणि मंत्रिमंडळें दिल्ली-मुंबईचीं, तेव्हां सोलापुरांत बसून या विषयावर लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. परंतु या प्रश्नाचा अनुभव सोलापुरास पुस्तकांतून घ्यावा लागत नाहीं. १८६० सालीं आगगाडी येथपर्यंत आली आणि गांव कापसाच्या व्यापाराचें मोठें ठाणें झालें. १८७७ सालीं मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनीं येथें सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी काढली. तीच पुढें लोकांच्या तोंडीं ‘जुनी मिल’ होऊन राहिली. आमच्या परिचयाच्या एका घरीं तिच्या शेअरचा दाखला अजून फडताळांत जपून ठेविलेला आहे. आज त्याला रद्दीचेंहि मोल नाहीं. पण आजोबांच्या काळीं तो पाटल्याबांगड्यांच्या डब्याशेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचा मानला जाई. ऑगस्ट १९४९ मध्यें ही गिरणी बंद पडली आणि हजारों कामगारांच्या चुली थंडावल्या. ९ जानेवारी १९५० रोजीं, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या सतरा दिवस आधीं, गव्हर्नर-जनरलांनीं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार सरकारनें नेमलेल्या चालकांच्या हातीं दिला. त्याच वर्षीं पार्लमेंटनें त्याचा कायदा केला. शेअर ज्याच्या त्याच्या नांवावर राहिले. पण चालक निवडण्याचा भागधारकांचा हक्क गेला, त्यांच्या सभेनें केलेला ठराव सरकारच्या संमतीवांचून पांगळा झाला, आणि कंपनी मोडून काढावी असा अर्ज आपण होऊन कोर्टांत करण्याचीहि सोय उरली नाहीं.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. ४ डिसेंबर १९५० रोजीं पांच न्यायाधीशांपैकीं तिघांनीं त्याच्या विरुद्ध व दोघांनीं त्याच्या बाजूनें मत दिलें. पुढें सरकारी चालकांनीं अग्रहक्काच्या शेअरांवर राहिलेली रक्कम भरण्याची मागणी केली, तेव्हां द्वारकादास श्रीनिवास यांनीं ती नाकारून दावा लावला. आणि १८ डिसेंबर १९५३ रोजीं, भरपाई दिल्यावांचून मालमत्ता हिरावून घेणारा हा व्यवहार घटनेविरुद्ध आहे असा त्याच कोर्टानें निकाल दिला. हे दोन्ही खटले कायद्याच्या विद्यार्थ्यांस आजहि शिकवितात, आणि सोलापूरचें नांव ज्या विद्यार्थ्यांनीं चादरींवर कधीं वाचलें नाहीं त्यांना तें या खटल्यांतून कळतें!

गिरणी ताब्यांत घेणें योग्य होतें कीं अयोग्य, हा वाद येथें नको. बंद दाराशीं बसलेल्या कामगाराच्या जागीं उभें राहून पाहिलें तर सरकारनें कांहीं तरी करणें अवश्यच होतें. आम्हांस त्यांतून दाखवावयाचें तें इतकेंच कीं, शेअर ही वस्तु भांडें किंवा दागिना यांसारखी नव्हे. पाटली चोर नेईल, पण ती फडताळांत असेपर्यंत सोन्याचीच राहील. शेअर जागचा न हलतां आंतून पालटतो. दिल्लींत झालेल्या एका सहीनें सोलापूरच्या फडताळांतील कागदाचें सत्त्व नाहींसें झालें. अशाच दुसऱ्या एका सहीनें तें वाढलेंहि असतें. ज्याच्या हातीं ती सही करण्याची लेखणी आहे त्याच्याच फडताळांत तो कागद असूं द्यावा काय, असा हा प्रश्न आहे.

आतां संहितेकडे वळूं. मंत्रिपद स्वीकारण्यापूर्वीं करावयाच्या तीन गोष्टी तींत आरंभीं सांगितल्या आहेत. आपली व आपल्या कुटुंबियांची मालमत्ता, देणीं आणि धंद्यांतील हितसंबंध पंतप्रधानांस अगर मुख्यमंत्र्यांस कळवावे, ही पहिली. शेअर व कर्जरोखे यांचा तींत नांवानिशीं उल्लेख आहे. पूर्वीं जो धंदा चालवीत असेल त्याच्या व्यवस्थेशीं संबंध तोडावा, मात्र मालकी सोडण्याचें कारण नाहीं, ही दुसरी. जो धंदा सरकारला माल किंवा सेवा पुरवितो, अथवा मुख्यत्वें सरकारी परवान्यांवर आणि वांटपांवर जगतो, त्याची मालकीहि सोडावी, ही तिसरी. येथपर्यंत लेखकाचा हात घट्ट आहे, आणि एकेक पायरी चढत तो मुद्याकडे येत आहे असें वाटतें. पण त्यानंतर लगेच मुभा येते. दुसऱ्या गोष्टींत व्यवस्था, आणि तिसरींत मालकी व व्यवस्था दोन्ही, कुटुंबांतील किंवा नात्यांतील वयांत आलेल्या मनुष्याकडे सोंपवितां येतात; तो मनुष्य पति किंवा पत्नी नसावा आणि आधींपासून त्या धंद्यांत असावा, एवढीच अट. आणि सर्वांच्या शेवटीं तें वाक्य येतें. त्याचा भावार्थ असा कीं, पब्लिक लिमिटेड कंपन्यांतील शेअरांच्या बाबतींत हितसंबंध सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. मात्र त्या शेअरांचें स्वरूप अगर प्रमाण मंत्र्याला आपलें काम करतांना अडचणींत टाकण्याजोगें आहे असें पंतप्रधानांस किंवा मुख्यमंत्र्यांस वाटल्यास गोष्ट निराळी.

प्रश्न उद्भवत नाहीं! कोणाच्या मनांत उद्भवत नाहीं? वाक्याला कर्ता नाहीं. आधींच्या तीन कलमांत मंत्री हा कर्ता होता. त्यानें कळवावें, त्यानें तोडावें, त्यानें सोडावें. शेअरांपाशीं येतांच मंत्री वाक्यांतून उठून गेला आणि त्याच्या आसनावर ‘प्रश्न’ येऊन बसला, तोहि न उद्भवणारा. वांटणीचे तंटे ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना ही वाक्यरचना अपरिचित नाहीं. वाडा ज्या भावाच्या ताब्यांत असतो तोच म्हणतो, “अरे, वांटणीचा प्रश्नच कुठें येतो?”

‘अडचण’ हा शब्दहि विचार करण्यासारखा आहे. संहितेनें ही अडचण मंत्र्याची धरली आहे. शेअर बाळगल्यानें मंत्र्याला अवघड वाटेल कीं काय, त्याची कुचंबणा होईल कीं काय, एवढीच काळजी त्या वाक्याला आहे. ज्याला मुळींच अवघड वाटत नाहीं असा मंत्री असेल तर काय करावें, हें तें सांगत नाहीं. आणि लोकांस धोका असतो तो नेमका अशाच मंत्र्यापासून. शिवाय अडचण होते कीं नाहीं हें ठरविणारा त्याच पक्षाचा, त्याच मंत्रिमंडळाचा पुढारी. खुद्द पंतप्रधानांच्या शेअरांविषयीं कोणी ठरवावयाचें, याबद्दल वाक्य मौन धरतें.

संहिता लिहिणाऱ्यांवर अन्याय मात्र होऊं नये. १९६४ सालचा शेअरबाजार म्हणजे मूठभर लोकांची गोष्ट होती. नवें भांडवल उभारावयाचें तर सरकारी नियंत्रकाची परवानगी लागे, आणि ती पद्धति १९९२ पर्यंत चालली. शेअर विकावयाचा म्हणजे दाखला, सही, दलाल, टपाल, आणि सही जुळली नाहीं म्हणून परत आलेलें पाकीट. एवढ्या संथ व्यवहारांत मंत्रिमंडळाच्या बैठकींतून उठून कोणी शेअर विकावयास जाईल, हें त्या लेखकाच्या ध्यानींमनींहि नसावें. आतां डीमॅट खातें असलेला मनुष्य बैठकीच्या खोलींतून बाहेर न पडतांहि तें करूं शकतो. संहितेंत दरवर्षीं ३१ ऑगस्टपर्यंत मालमत्तेचें निवेदन द्यावें असें कलम आहे. परंतु वर्षाच्या दोन टोंकांमध्यें काय घेतलें आणि काय विकलें हें त्या निवेदनांतून कसें कळावें? एप्रिलांत घेऊन जुलैंत विकलेला शेअर त्या तिजोरींत आला काय आणि गेला काय, सारखेंच.

पण काळाचें हें निमित्त पुरें पडत नाहीं. कारण त्याच वर्षीं त्याच गृहखात्यानें केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं वर्तणुकीचे नियम केले, आणि त्यांतील सोळाव्या नियमांत काळ आडवा आला नाहीं. सरकारी नोकरानें शेअरांचा सट्टा करूं नये, असें तेथें स्वच्छ म्हटलें आहे. वारंवार केलेली खरेदी-विक्री हा सट्टाच समजावा, असा खुलासाहि जोडला आहे. ज्या गुंतवणुकीनें काम करतांना अडचण येईल किंवा मन झुकेल अशी गुंतवणूक नोकरानें स्वतः करूं नये आणि आपल्या कुटुंबियांसहि करूं देऊं नये, असें पुढें सांगितलें आहे. शब्द तोच, ‘अडचण’. पण त्याच्या भोंवतालचें व्याकरण किती निराळें! येथें कर्ता हजर आहे आणि मनाई स्पष्ट आहे. सोलापूरच्या मोठ्या पोस्टांत तिकिटें विकणाऱ्या कारकुनाला हा नियम लागू आहे. त्याच्या ठाऊकींतल्या कोणत्या बातमीनें कोणत्या कंपनीचा भाव दिडकीनें तरी हलणार आहे? तरीहि त्याच्या बायकोनें शेअर घेतले तर त्याला विचारतां येतें. कारकुनाच्या नियमांत कुटुंब हें कुंपणाच्या आंत आहे; मंत्र्याच्या संहितेंत कुटुंब हीच कुंपणांतून बाहेर पडण्याची वाट आहे. संहितेच्या उत्तरार्धांत मंत्र्याच्या कुटुंबियांवर कांहीं बंधनें घातलीं आहेत हें खरें, पण त्यांचा रोख सरकारला माल पुरविणाऱ्या धंद्यांकडे आहे. दोन्ही लेख एकाच कचेरींतून एकाच वर्षीं निघाले, हें ठाऊक नसतें तर ते दोन निरनिराळ्या देशांचे आहेत असें आम्हीं समजलों असतों.

शेअरधारी मंत्री ही कांहीं आपल्याच देशाची उपज नव्हे. इंग्लंडांत १९१२ सालीं साम्राज्यभर बिनतारी संदेशाचीं ठाणीं उभारण्याचें काम मार्कोनी कंपनीस देण्याचें ठरत होतें. त्यांत हिंदुस्थानचेंहि एक ठाणें होतें. इंग्लिश मार्कोनी कंपनीचा व्यवस्थापक गॉडफ्रे आयझॅक्स, आणि त्याचा भाऊ सर रूफस आयझॅक्स हा ब्रिटिश सरकारचा अॅटर्नी-जनरल. त्या एप्रिलांत रूफसनें दुसऱ्या एका भावाकडून अमेरिकन मार्कोनी कंपनीचे १०,००० शेअर घेतले आणि त्यांतले हजार-हजार अर्थमंत्री लॉइड जॉर्ज व पक्षाचा प्रतोद एलिबँक यांना दिले. ऑक्टोबरांत कॉमन्स सभेंत गवगवा झाला, तेव्हां ‘त्या कंपनीशीं’ आपला असा कांहींएक व्यवहार नाहीं असें रूफसनें सांगितलें. इंग्लिश कंपनीपुरतें तें अक्षरशः सत्य होतें. अमेरिकन कंपनीचा विषय त्यानें काढला नाहीं, कारण तो प्रश्न, जणूं, उद्भवला नव्हता! १९१३ सालीं चौकशी-समितीनें मंत्र्यांस निर्दोष ठरविलें. पण समितींतील मतें पक्षाप्रमाणें विभागलेलीं होतीं. त्याच वर्षीं रूफस इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला, आणि लॉर्ड रीडिंग या नांवानें १९२१ ते १९२६ पर्यंत आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून राज्य करून गेला. (बिनतारी संदेशहि मागाहून आलाच. १९२७ सालीं त्याचें संदेश पाठविण्याचें ठाणें खडकीस आणि घेण्याचें दौंडास झालें; पुण्याहून सोलापुरास येणारी गाडी त्या दौंडावरूनच येते.) रीडिंगनें लाच खाल्ली असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या प्रश्नाचें सरळ उत्तर सरन्यायाधीश होण्याच्या लायकीचा वकील देऊं शकला नाहीं, तो प्रश्न मंत्र्यांच्या वाटेंत येऊंच देऊं नये, असें आमचें म्हणणें आहे.

आपल्याकडे १९५७ सालचें मुंध्रा प्रकरण पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्यांत मंत्र्याचे स्वतःचे शेअर नव्हते. आयुर्विमा मंडळानें हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारें १ कोटि २४ लाख रुपयांचे शेअर घेतले, फिरोझ गांधी यांनीं लोकसभेंत तें उघडकीस आणलें, मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावें लागलें. परक्याच्या पैशाचें हें प्रकरण असल्यामुळें आमच्या विषयाच्या तें कडेलाच राहतें. अधिक बोधप्रद आहे तें १९९२ सालचें. हर्षद मेहता प्रकरणानें मुंबईचा बाजार हादरला असतां, त्यांत गुंतलेल्या फेअरग्रोथ नांवाच्या एका कंपनींत केंद्रीय व्यापारमंत्री पी. चिदंबरम् व त्यांच्या पत्नी यांचे शेअर असल्याचें निघालें, आणि जुलैंत त्यांनीं राजीनामा दिला. १९९५ सालीं ते मंत्रिमंडळांत परत आले. ते शेअर बाळगण्यानें संहितेचा भंग होत होता काय? त्या वाक्याप्रमाणें प्रश्नच उद्भवत नव्हता. तरी राजीनामा द्यावा लागला. म्हणजे लोकांच्या मनांतला नियम एक आणि कागदावरचा नियम दुसरा; आणि कागदावर विसंबलेला मनुष्य लोकांच्या नियमाखालीं सांपडतो. ढिला नियम लबाडाला सोईचा असतो हें सर्वांस कळतें. तो सरळ मनुष्याचा घात करतो हें सहसा कोणी बोलत नाहीं.

आमचे एक वकील स्नेही यावर म्हणतात, “शेअरांवर एवढा रोष कां? जमीन नाहीं काय? बाह्यवळणाचा रस्ता कोठून जावयाचा हें ज्याला आधीं कळतें त्यानें त्या कडेची शेतें घेऊन ठेविलीं, तर शेअरवाला त्याच्यापुढें बापडाच म्हणावयाचा.” या आक्षेपाला पुरतें उत्तर आमच्याजवळ नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. महाराष्ट्रांत अधिकारानें जमवलेली मालमत्ता शेअरांपेक्षां जमिनींत अधिक असण्याचा संभव आहे. परंतु जमीन जेथें आहे तेथेंच राहते. तिचा सातबारा निघतो, फेरफार नोंदला जातो, आणि गांवांतल्या पारावर ती कोणाची हें तलाठ्याच्या आधीं माहीत असतें. शेअराला पार नाहीं. दुसरें असें कीं, जमिनीवरील नियम अपुरे आहेत म्हणून शेअरांवरचे करूंच नयेत, हा न्याय एका भिंतीस भगदाड आहे म्हणून दुसऱ्या भिंतीचें दार उघडें टाकण्याचा झाला.

राजकारणांत पडणाऱ्या मनुष्यानें काय सगळा पैसा पेटींत ठेवावा, असा दुसरा आक्षेप येतो, आणि तो मध्यमवर्गीय घरांना पटण्याजोगा आहे. शेअर आतां मुलीच्या शिक्षणाचा आणि म्हातारपणाचा आधार झाले आहेत. परंतु सरकारी रोखे आहेत, बँकेंतील ठेवी आहेत, आणि शेंकडों कंपन्यांत पसरलेले म्युच्युअल फंड आहेत, कीं ज्यांत एका हुकुमानें एका कंपनीचें भलें झालें तरी धारकाला त्याचा वासहि लागत नाहीं. कॅनडांत मंत्र्यानें पद घेतल्यापासून १२० दिवसांच्या आंत बाजारांतले आपले शेअर विकावे, किंवा ज्यांच्या कारभारांत त्याला डोकावतां येत नाहीं अशा विश्वस्तांच्या हातीं द्यावे, असा कायदा आहे. त्यामुळें त्या देशाला मंत्री मिळेनासे झाले नाहींत. उलट अमेरिकेनें २०१२ सालीं केलेला कायदा पाहा. काँग्रेसच्या सभासदानें शेअर खुशाल घ्यावे-विकावे, फक्त ४५ दिवसांत जाहीर करावे; चुकल्यास पहिला दंड २०० डॉलर. एवढ्या दंडाला भिऊन कोणता धनिक सभासद तारीख पाळील?

या ठिकाणीं सोलापूर जिल्ह्याचा वाचक अधीर झाला असेल. आमच्याकडे शेअर म्हटला कीं मुंबईचा बाजार आठवत नाहीं, साखर कारखाना आठवतो. सहकारी कारखान्याचा शेअर आणि कंपनीचा शेअर या दोन वस्तूंचें नांव एक असलें तरी जात एक नाहीं. सहकारी शेअर म्हणजे आपला ऊस गाळला जाण्याची सनद. त्याच्या धारकाला मत एकच, मग शेअर एक असो कीं पन्नास. आणि दर्शनी किमतीहून अधिक भावानें विकून श्रीमंत होण्याची त्यांत सोय नाहीं. प्रवरेस विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं १९५० च्या सुमारास ही वाट पाडली, आणि अकलूजास शंकरराव मोहिते-पाटील यांच्यासारखे पुढारी एकाच वेळीं आमदारहि होते व कारखान्याचे धुरीणहि होते. त्या काळीं या दोन भूमिका एका माणसांत आल्या नसत्या तर माळशिरसच्या माळावर धुराडें उभें राहिलें नसतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें. सरकारनें भागभांडवल घातलें, कर्जाला हमी दिली. आणि तीं मिळवून आणण्यास सभागृहांत कोणी तरी आपला असावा लागे. उसाच्या शेतकऱ्यानें आमदार किंवा मंत्री झाल्यावर आपला सहकारी शेअर परत करावा, असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं.

पण ही सवलत कायद्यांत किती सहजपणें विरघळली आहे तें पाहण्यासारखें आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें दहावें कलम असें कीं, ज्या कंपनींत सरकारचें भांडवल शेंकडा २५ किंवा त्याहून अधिक आहे तिचा व्यवस्थापक किंवा चिटणीस यास सभागृहाचें सभासद होतां येत नाहीं. आणि कंपनी या शब्दापुढें कंसांत शब्द आहेत, ‘सहकारी संस्था सोडून’. अध्यक्ष आणि चालक तर कलमांत मुळींच नाहींत, तेव्हां कंस नसता तरी फारसें बिघडलें नसतें. पण तो कंस तेथें असणें हेंच बोलकें आहे. आतां काळ पालटला. १९९८ सालीं साखरधंद्याचा परवाना उठला. आजारी सहकारी कारखाने खाजगी कंपन्यांकडे गेले, नवे खाजगी निघाले, आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक राजकारणांतलींच घराणीं आहेत. जिल्ह्याच्या बोलण्यांत अजून दोहोंनाहि ‘कारखाना’ हा एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाच्या घोंगडीखालीं सहकाराची पुण्याई खाजगी भागधारकाच्या अंगावर ओढली जाते. उसाचा किमान भाव सरकार ठरवितें, साखर परदेशीं जावी कीं नाहीं हें सरकार ठरवितें, इथेनॉलचा दर सरकार ठरवितें. ७ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्या हंगामांत उसाच्या रसापासून इथेनॉल करूं नये असा हुकूम काढला. त्या दिवशीं बाजारांत साखर कंपन्यांचे भाव कोसळले. आठवड्यानें, १५ डिसेंबरास, १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून तो हुकूम सैल करण्यांत आला. कोणी त्यांतून गैरफायदा घेतला असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अशा हुकुमाचा मसुदा ज्यांच्या मेजावरून जातो त्यांचे साखर कंपन्यांत शेअर असावे कीं नाहीं, याला संहितेचें उत्तर पुन्हा तेंच, कीं प्रश्न उद्भवत नाहीं. बाजारांतील आंतल्या बातमीविरुद्ध सेबीनें २०१५ सालीं नियम केले आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः कंपनीच्या आंतल्या बातमीवर आहे. मंत्रालयाच्या आंतली बातमी हें निराळेंच गोदाम आहे.

उमेदवारांचीं शपथपत्रें आहेत ना, असें कोणी म्हणेल. २००२ व २००३ सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळें तीं आलीं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या राजकीय वाङ्मयांत इतका वाचनीय प्रकार दुसरा निपजला नाहीं असें आमचें मत आहे. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे तीं घरोघर मोठ्यानें वाचलीं जातात; कोणाजवळ किती तोळे, कोणाच्या नांवावर ट्रॅक्टर आहे पण मोटार नाहीं, यावर जेवणाच्या पानावर चर्चा रंगते. शेअर, कर्जरोखे आणि म्युच्युअल फंड यांस त्यांत स्वतंत्र रकाना आहे. पण तें शपथपत्र म्हणजे अर्ज भरण्याच्या दिवशीं काढलेला फोटो. लग्नांतला फोटो पाहून संसार कसा चालला हें कळत नाहीं, तसेंच हें आहे. त्यांतल्या नांवांवरून पुढील पांच वर्षांतल्या उलाढालीचा पत्ता लागत नाहीं, आणि पांच वर्षांनीं दुसरें शपथपत्र येतें तेव्हां आंकडा वाढलेला दिसतो, वाढ कोणत्या दिवशीं झाली तें दिसत नाहीं.

तेव्हां संहितेंतील तें वाक्य पुसून त्या जागीं दुसरें लिहावें, असें आम्ही सुचवितों. मंत्र्यानें पद घेतल्यापासून चार महिन्यांच्या आंत स्वतःचे, पति अगर पत्नीचे व अवलंबून असणाऱ्या मुलांचे कंपन्यांतील शेअर विकावे किंवा अनोळखी विश्वस्ताकडे सोंपवावे. पदावर असेतों नवे घेऊं नयेत. सहकारी संस्थेचा सभासद म्हणून धारण केलेला शेअर यांतून वगळावा, पण त्या संस्थेचें अध्यक्षपद वगळूं नये. वाक्य लांबलें आहे, पण त्याला कर्ता आहे. साध्या आमदार-खासदारास इतकें कडक बंधन आम्ही घालणार नाहीं, कारण त्याच्या एकट्याच्या मतानें हुकूम निघत नाहीं; त्यानें दर महिन्यास आपली खरेदी-विक्री सभागृहाच्या चिटणिसाकडे द्यावी आणि ती कोणालाहि पाहतां यावी, एवढें पुरे. यासाठीं नवी कचेरीहि नको. तारीख, कंपनी, संख्या आणि भाव हेच चार रकाने लागणार. ज्या महिन्यांत व्यवहार होतो त्या महिन्याचा उतारा डीमॅट खातेदाराला आजहि घरबसल्या येतो, आणि त्यांत यांपैकीं पहिले तीन असतात.